पाचवं चाक

अजयनं भिंग डोळ्याला लावलं आणि तो गाडीच्या मागच्या बाजूला वाकला. जाहिदनं कूलर त्याच्याकडे वळवला. चोरीचा माल तिथंच होता.

गाडी वीतभर लांबीची. शंभर वर्षांपूर्वी शर्यतीत धावलेल्या हिरव्या गाडीची प्लास्टिकची प्रतिकृती. पण डब्यात आलेले भाग नुसते जोडून जाहिदचं मन भरत नसे. दुकानात पंख्यांचं वाइंडिंग करताना उरलेल्या तांब्याच्या तारेच्या त्यानं इंजिनाला नळ्या केल्या होत्या. चाकांवर कोळशाची धूळ बसवली होती. ती चंद्रपुरात खिडकी उघडी ठेवली की घरपोच मिळते.

हा नाद अख्ख्या जिल्ह्यात दोघांनाच. दुसरा अजय, मोहर्लीत सफारीची जिप्सी चालवणारा. बाकीची दुनिया वाघ बघते. अजय तुटला, तर त्या नळ्यांचं कौतुक जाहिदनं भिंतीला सांगायचं.

दोघांकडे हीच गाडी. जाहिदचा डबा दोघांनी मिळून उघडला. भागांना हात लावण्याआधी जाहिद हात धुऊन येतो, तसा आला आणि मोजायला बसला. पाठीवर लावायचं पाचवं, जादा चाक नव्हतंच.

"कंपनीवाले चोर राह्यतात, जाहिदभाई," अजय म्हणाला होता.

खैरुनला, म्हणजे बायकोला, जाहिदनं हे कळू दिलं नाही. एवढा हट्ट करून मागवलेला डबा अपुरा निघाला म्हटल्यावर तिनं जन्मभर ऐकवलं असतं.

अजयचं पाचवं चाक त्याआधीच उंदरानं खाल्लेलं. नंतर त्यानं कुठूनसं दुसरं पैदा केलं. पत्ता मात्र सांगेना. गेल्या महिन्यात जाहिद मोहर्लीला गेला. अजय चहा सांगायला बाहेर पडला. चाक त्याच्या गाडीच्या पाठीवरच्या खिळीला नुसतं अडकवलेलं होतं. हात गेला.

आता अजय त्याच चाकावरचा कोळसा नखानं खरवडत होता.

"पाचवं भेटलं तुमाले?"

"कंपनीनं धाडलं. मागाहून."

"चांगली कंपनी हाय." अजयनं चाक बोटानं फिरवलं. "माह्यं तं गायब झालं. माकडानं नेलं असन."

"माकडं लय माजली."

अजयनं भिंग खाली ठेवलं. कूलर तोंडावर होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. "एक नंबर झाली गाडी," म्हणाला आणि चहाला न थांबता निघाला.

जाहिदनं त्याला दारापर्यंत सोडलं. माणूस मोठ्या मनाचा! ओळखलं, पण शब्दानं बोलला नाही. उद्याच मोहर्लीला जायचं, चाक परत करायचं, पाय धरायचे. त्यानं चाक काढून तळहातावर घेतलं.

खैरुन दोन कप घेऊन आली.

"गेले का अजयभाऊ? चला, चाक तं आणून देलं."

"आणून देलं?"

"डबा उघडला त्या दिशी तुमी हात धुवाले उठले, तवा खिशात नाई का टाकलं त्यानं? मले वाटलं, तुमीच देलं."