भोपळ्याचं रडणं

“नुसता भुंकला असता तर मी वर आले नसते,” खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई दारातूनच म्हणाल्या. “तुमचा कुत्रा रडतो. तुम्ही दोघं कामाला गेलात की सुरू. असा लांब सूर लावतो की जीव कासावीस होतो. आज एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली मी.”

मेकॅनिकने माफी मागितली. मागताना त्याच्या एकाच पायात चप्पल होती, कारण दुसरीचा अंगठा सकाळीच भोपळ्याच्या पोटात गेला होता.

लहानपणी नुसता गोल होता म्हणून मेकॅनिकच्या आईने त्याचं नाव भोपळ्या ठेवलं होतं. आता तो वाढून अर्ध्या सोफ्याचा मालक झाला होता. त्याच्यावर खोटे आळ घ्यायची गरजच नव्हती, खरेच पुरून उरायचे. चपला खायचा, वाळलेल्या कपड्यांच्या ढिगावर लोळायचा, त्याचे केस उशीवर, मोज्यात आणि एकदा तर बंद डब्यातल्या भातात सापडले होते. पण संध्याकाळी मेकॅनिक गॅरेजमधून थकून आला की हाच प्राणी दारात असा नाचायचा, जणू मालक लढाई मारून आलाय. त्याला बघून तसं नाचणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

“आई गेल्यापासून सुरू झालंय हे,” बाई गेल्यावर बायको म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती. “त्यांच्याच हातचं खायचा तो. मुक्या जनावराने सांगायचं तरी कुणाला?”

मेकॅनिकला ते पटलं. आईला जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. गाडीखाली आडवं झाल्यावर त्याला स्वतःलाही मधूनच भरून यायचं. त्यामानाने बाबांची कमाल होती. वेळेवर अंघोळ, वेळेवर जेवण, आणि कुणी विचारलंच तर “माझं काय, मी मजेत आहे. तुम्ही आपापली कामं बघा.” नातेवाइकांत त्यांच्या धीराचं उदाहरण दिलं जायचं.

“बाबा, तुम्ही तर घरीच असता. भोपळ्या दिवसा रडतो का हो?”

बाबा भोपळ्याच्या कानामागे खाजवत होते. 

“हा? छे. हा गरीब आहे बिचारा. माझ्या पायावर डोकं टाकून पडलेला असतो.”

“पण तुम्ही कानातलं मशीन काढून बसता.”

“हं. तेही आहेच.” मग त्यांनी हळूच विचारलं, “फार ऐकू जातं का रे खाली?”

“बाईंनी बाही उलटी जोडली म्हणे.”

“अरेरे. बरं, मी बघतो. आवाज जाणार नाही.”

काही दिवस खरंच गेला नाही. मग पुन्हा सुरू झाला. मेकॅनिकने एक दिवस रजा काढून घरीच मुक्काम ठोकला. भोपळ्या दिवसभर घोरला. बाबा खुशीत होते, लेकाबरोबर पत्ते खेळले, डाव हरले तरी हसले. संध्याकाळी बायको म्हणाली, “तू घरात असल्यावर तो कशाला रडेल?”

शेवटी घरमालकाचा फोन आला. एक तर कुत्रा जाईल, नाहीतर तुम्ही जाल. कुत्रा आणि म्हातारा माणूस, दोन्ही खपवून घेणारं घर शोधताना मेकॅनिकच्या नाकी नऊ आले होते. असं दुसरं मिळणार नव्हतं.

“गाडीतून आवाज येतोय आणि कुठून ते कळत नाहीये,” तो बायकोला म्हणाला, “तर संशय असेल तो भाग काढून ठेवायचा आणि गाडी चालवून बघायची. आम्ही असंच करतो.”

“भोपळ्या काय गाडीचा भाग आहे?”

“मला माहीत आहे गं तो काय आहे ते,” तो चिडून म्हणाला. चिडला नसता तर रडला असता.

त्याच्या एका गिऱ्हाइकाची गावाबाहेर रोपवाटिका होती. तिथे जागा मोकळी होती, राखणीला कुत्रा हवाच होता. रविवारी न्यायचं ठरलं. बाबांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीतून अर्धवट उठले.

“ऐक, मी काय म्हणतो...”

“काय, बाबा?”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. मग पुन्हा खाली बसले.

“काही नाही. त्याची चादर दे बरोबर. नवी जागा आहे.”

रविवारी भोपळ्या फिरायला न्यायच्या थाटात गाडीत चढला. रोपवाटिकेच्या फाटकाशी तो मेकॅनिककडे बघत शेपूट हलवत राहिला, आणि गाडी वळली तरी हलवतच होता. परतताना मेकॅनिकला रस्त्याकडेला थांबावं लागलं. समोरचं काही दिसत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी त्याने कुलूप उघडलं, तर दारात कोणी नाचलं नाही. बाबा खुर्चीत बसले होते. नुकतंच तोंड धुतलेलं, केस विंचरलेले.

“करमलं का, बाबा?”

“न करमायला काय झालं? माझी काळजी करू नकोस तू.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात शिवणकामवाल्या बाई होत्या, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. रविवारी त्या बहिणीकडे गेल्या होत्या, भोपळ्याला नेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आता बाई आभार मानतील, ते हसून घ्यायचे, असं ठरवून मेकॅनिक पुढे झाला.

“हे बघा, मी वाईट बोलायला आलेली नाही,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाजच रडवेला झाला होता. “पण आजवर थोडा वेळ रडून गप्प तरी व्हायचा तो. आज सकाळपासून थांबलाच नाही हो. त्या कुत्र्याला तुम्ही नक्की कधी देऊन टाकणार?”