पहिल्या फेरीचे टायर

“मालक, हे समोर नाही चालत,” केवलराम म्हणाला. तो ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसून टायरच्या कडेवरून बोट फिरवत होता. “मागं लावा, मी कधी ना म्हटलं नाही. बावीस वर्षं मागच्या चाकाले झिजल्यावर नवं रबर चढवलेले टायर लावूनच गाडी चालवून राहिलो. मागं एक फुटला तर बाजूचा सांभाळून घेते. समोर तो एकटा असते. फुटला का स्टेअरिंग हातात राहत नाही.”

प्रवीणला हसू आलं. विश्वकर्मा पूजेचा दिवस, भिलाईच्या कोहक्यातल्या घरासमोर ट्रक न्हाऊनमाखून उभा, पंडितजी वाटेत, आई दारात पूजेचं ताट लावत बसलेली, आणि ड्रायव्हरला आजच टायरचं शास्त्र सुचलं होतं. पण तीन ट्रकांचा मालक झाल्यापासून प्रवीणला उत्तरांची कमतरता कधी पडली नव्हती.

“केवलरामभाऊ, समोर लावू नका म्हणून कायद्यात कुठं लिहिलं आहे? दाखवा मले. अन् विमानाले कोणते टायर असतात, माहीत आहे? हेच, रबर चढवलेले. तीनशे माणसं बसतात त्याच्यात.”

“विमान केशकालचा घाट उतरत नाही, मालक. अन् याच्यावर तिसऱ्यांदा रबर चढलं. आतून पट्टी मारली आहे. रोशननं काल बसवताना दाखवली मले.”

“रोशन टायरवाला आहे, इंजिनिअर नाही,” प्रवीण म्हणाला आणि विषय संपला. उद्या सकाळी याच ट्रकने सळया घेऊन त्याच घाटातून जगदलपूरला जायचं होतं. केवलरामने उठून हात झटकले.

पंडितजी आले. नारळ फुटला. त्या पट्टीवाल्या टायरवरसुद्धा कुंकवाचं छान स्वस्तिक निघालं आणि दोन्ही पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवली गेली. प्रवीणने डोळे मिटून मनापासून हात जोडले. देवाच्या बाबतीत तो कधीच कंजुषी करत नसे.

डोळे उघडले तेव्हा त्याची सात वर्षांची समीक्षा केबिनच्या खिडकीत होती. बायको दामिनी तिच्या शेजारी सरकत होती, आणि आई, मैनाबाई, लुगडं सावरत पायरी चढत होती. या घरची रीतच होती ती. प्रवीणचे वडील भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि त्यांनी पहिला ट्रक घेतला, तेव्हापासून पूजेनंतरची पहिली फेरी घरच्यांनीच मारायची, दुर्गच्या चंडी मंदिरापर्यंत. सगळ्या जगाला अक्कल शिकवणारा प्रवीण नेमकं हेच विसरला होता.

त्याने खिडकीतली पोर पाहिली. मग खालचा टायर पाहिला.

“उतरा, उतरा,” तो म्हणाला. “मुहूर्ताले अजून टाइम आहे.”

मुहूर्त काढणारे पंडितजी त्याच्याकडे बघतच राहिले. प्रवीणने रोशनला फोन लावला. घरामागच्या शेडमध्ये कोऱ्या टायरांची एक जोडी होती. ट्रक विकायला काढला की गिऱ्हाइकाला दाखवायला लावू, म्हणून ती प्लास्टिकात गुंडाळून जपली होती. पाऊण तासात रोशनने ती पुढच्या चाकांना बसवून दिली. केवलराम हाताची घडी घालून बघत होता. प्रवीणने तेवढा वेळ त्याच्याकडे बघायचं टाळलं.

मग लिंबं चिरडली आणि पहिली फेरी झाली. समीक्षाने जाता-येता हॉर्न वाजवून दुर्ग-भिलाईचे कान किटवले. सगळे सुखरूप परत आले. दामिनी पोरीला घेऊन आत गेली, तसा प्रवीण केवलरामला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “ही जोडी रोशनकडून काढून ठेवा. जुनी चढवा. सकाळी लोड आहे.”

हे सांगताना त्याला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मैनाबाई तेव्हा एक पाय केबिनच्या पायरीवर ठेवून सावकाश उतरत होती. गुडघे गेले होते, कान शाबूत होते.

“बरं,” केवलराम म्हणाला. घरी दोन पोरी शिकत होत्या, त्यामुळे त्याच्याजवळ तेवढाच एक शब्द होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सळयांनी भरलेला ट्रक कागद घ्यायला दारात थांबला. पुढे जुनीच जोडी होती. प्रवीण कागद घेऊन बाहेर आला आणि जागीच उभा राहिला. केबिनमध्ये मैनाबाई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीत डबा. केवलराम खाली उभा होता. म्हातारीला चढू नका म्हणून सांगून सांगून तो थकलेला दिसत होता.

“आई, कुठं चालली?”

“जगदलपूरले.”

“उतर खाली. त्या रस्त्यावर घाट आहे, अन् समोरचे टायर...”

“काय झालं टायरले?” मैनाबाईने शांतपणे विचारलं. “विमानाचेच होत ना ते?”

प्रवीणने केवलरामकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि रोशनला नवी जोडी लावायला बोलावलं. रोशन आला, जॅक लागला, दोन्ही जुने टायर निघाले. मैनाबाईने ते रोशनच्या हत्याराने उभे चिरायला लावले, आपल्या डोळ्यांसमोर, केबिनमध्ये बसूनच.

“झालं तुह्या मनासारखं,” प्रवीण म्हणाला. “आता तरी उतर. या वयात काहून ट्रकमधी बसायची हौस तुले?”

मैनाबाईने पिशवी उचलली आणि पायरीवर पाय ठेवला.

“हौस नाही रे बाबा. केवलरामले अडवायले त्याची माय जिवंत नाही, म्हणून मी बसली.”