आजच्यापुरतं

कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम सातव्यांदा बंद पडला. पायलनं कपाळावर हात मारून घेतला. कार्यक्रम रविवारी, आणि पत्रिका गावाकडं नेणारी जीप तीनला सुटणार. दीड तर इथंच वाजला होता.

"चहा सांगू का, बाई?" राजानंदकाकांनी तिसऱ्यांदा विचारलं. परतूरच्या मोंढ्याजवळ त्यांचं डीटीपीचं दुकान. वर्षभर तिथं हेच रडगाणं. गिऱ्हाईक ताटकळलं की काका म्हणायचे, "मशीन म्हातारं झालंय, जरा दम धरा." दहादा चालू करावं तेव्हा एकदा टिकायचं. आज तेवढंही नाही.

हार्ड डिस्क उडाली तेव्हा काकांच्या लेकीनं, प्रीतीनं, हा कॉम्प्युटर पेनड्राइव्हवर चालता करून दिला होता. त्या पेनड्राइव्हची गंमतच होती. दिवसभर काहीही घाला, काहीही पुसा. बंद करून चालू केलं की सगळं जसंच्या तसं. पोरगी भारी हुशार, पायलची जिवाभावाची मैत्रीण. मागच्या वर्षी डेंग्यूनं आठ दिवसांत गेली. आज तिच्याच पहिल्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायची, आणि तिच्याच हातचं मशीन अडून बसलेलं!

आठव्या खेपेला पायलनं चुकांची नोंद उघडली. प्रोग्राम चालू झाला की सगळे फॉन्ट नव्यानं गोळा करायचा आणि दरवेळी एकाच फाइलपाशी येऊन कोसळायचा. ती एका अर्धवट फॉन्टची फाइल होती. नाव होतं, 'पप्पांसाठी'.

तिनं ती उघडली. प्रीतीचं अक्षर! तोच लांब शेपटीचा क, तोच पोट सुटलेला ठ. कॉलेजच्या वह्यांमध्ये पायल त्याला किती हसली होती. न पर्यंतची अक्षरं झाली होती. प राहूनच गेला होता.

"काका..." तिनं पडदा त्यांच्याकडं वळवला. "सगळं ह्या फाइलमुळं होऊन राह्यलंय."

"ठाऊक आहे मला." काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "फॉन्ट पूर्ण झाला की नवा पेनड्राइव्ह करून देते, म्हणली होती. म्हणून कोणाला हातच लावू दिला न्हाई."

पायल खाली बघत म्हणाली, "कायमचं नीट करायचं तर नवा पेनड्राइव्ह करावा लागल. त्यात ही फाइल ठेवता येणार न्हाई, ठेवली तर तोही असाच अडल. नसता आत्ता काढते, पण ते आजच्यापुरतंच." तिला स्वतःचीच लाज वाटली. मैत्रिणीसाठी एवढं एक काम, तेही धड होईना.

काका पडद्यावरच्या अक्षरांकडं बघत राहिले. घड्याळात दोन वाजले.

"उद्या मशीन चालू केलं, की ती परत येती?"

"येती ना, काका. रोजच येणार. माझा इलाज न्हाई."

"मंग काढ," काका म्हणाले.