वेदीवरचं कापड

डोळे जाईपर्यंत आयरीन आजीने सुई काही खाली ठेवली नाही. हात देवाने दिलेत, तर त्यांचं कामही देवाच्याच घरी जायला हवं, असं म्हणत तिने ठाण्यातल्या आपल्या चर्चच्या वेदीसाठी अकरा सुती कापडांवर भरतकाम करून दिलं. चर्चचं सामान सांभाळणाऱ्या लिओनेल अंकलना ते इतकं आवडलं, की मेणाचे डाग पडू नयेत म्हणून त्यांनी अकराही कापडं डांबराच्या गोळ्या घालून पेटीत ठेवून दिली. वेदीवर बारा महिने बाजारचं चकचकीत नायलॉन.

"आज कुठलं घातलंय गं?" आजी दर रविवारी विचारायची, आणि शेजारी बसलेली नात शॅनन दर रविवारी सांगायची, "लिलीच्या फुलांचं, ममाय."

त्या रविवारी फादरनी धन्याने दिलेली ठेव जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराचा दाखला वाचला. "मी तरी काही पुरलं नाही," आजी समाधानाने पुटपुटली, आणि मिस्सा संपल्यावर हट्टच धरून बसली, की एकदा मला वेदीपाशी ने. शॅननला नाही म्हणवेना.

आजीची बोटं कापडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. एकही टाका हाताला लागला नाही.

"खूप वापरलं ना, ममाय," शॅनन घाईघाईने म्हणाली. "धुऊन धुऊन झिजलंय."

आजीने हात मागे घेतला.



"झिजून सुताचं नायलॉन होत नाही गं बाय. कुठे पुरलंत सगळं?"