साठावा पाय

पडदा काळाच राहिला.

पियुषने बटण बंद करून पुन्हा चालू केलं. नव्या हिरव्या बोर्डावरचा बारीक लाल दिवा लागला, पण टीव्हीवर काही उमटलं नाही. रिकाम्या पलंगाच्या कडेला बसलेल्या उत्तराने विचारलं, "नाही होऊन राहिलं का, भाऊजी?"

"होईल, वहिनी. पहिला बोर्ड कधी सरळ चालू होत नसते."

उत्तराच्या नवऱ्याची, सुशीलची तेरवी होऊन गेल्यावर हे बोर्ड कुरियरने आले होते. पियुष आणि तो शाळेपासूनचे दोस्त. सुशीलच्या मामाने परदेशातून आणलेला घरगुती कॉम्प्युटर दोघांनी सक्करदऱ्याच्या याच घरात टीव्हीला जोडून शिकून घेतला होता. पुढे कपाटात पडून त्यातली बॅटरी पाझरली आणि तिने बोर्डाचं तांबं खाऊन टाकलं. जगभर त्या मॉडेलचं हेच झालं होतं. चिपा जिवंत, बोर्ड मेलेला. तेव्हा दोघांनी ठरवलं, नवा बोर्ड आपणच आखायचा. तेच माप, तीच भोकं. जुन्या चिपा काढून त्यावर बसवल्या की मशीन उठून बसलं पाहिजे. मिहानमधली नोकरी करून आला की सुशील तेच घेऊन बसायचा.

मग तंबाखूच्या खर्‍याने त्याची जीभ खाल्ली. डॉक्टरांनी अर्धी कापून काढली.

उरलेल्या जिभेने तो जे बोलायचा, ते फक्त उत्तराला कळायचं. त्याचा सख्खा भाऊसुद्धा तो बोलला की तिच्या तोंडाकडे पाहायचा. वॉर्डातल्या सिस्टर तिला कँटीनमधून बोलावून आणायच्या. शेवटी शेवटी त्याला बसवेना, तेव्हा तो जुना बोर्ड छातीवर घेऊन पडायचा, बोटाने चाचपत आकडे सांगायचा, आणि उत्तरा शेजारी लॅपटॉपवर चिपेच्या त्या त्या पायाला रेघा जोडायची.

पियुषने मीटर काढला. एक टोक जुन्या बोर्डावर, मग तेच नव्यावर, असं एकेक जोडणी पडताळत तो एका कोपऱ्याशी थांबला. पुन्हा पडताळलं. मग मीटर बाजूला ठेवून चष्मा पुसत बसला.

"काय झालं?"

"काही नाही. माझीच चूक निघाली. माझ्या भागातली."

"तो कोपरा तुमचा नाही, भाऊजी," उत्तरा म्हणाली. "तिथल्या रेघा मी ओढल्या. काय चुकलं, सांगा ना."

पियुषने प्रोसेसरवर बोट ठेवलं. लांब काळी चिप, दोन्ही बाजूंनी पायांच्या रांगा. "ही रेघ साठाव्या पायाले जायला पाहिजे होती. सातव्याले गेली. एवढंच. आत्ता होते."

त्याने ब्लेडने ती रेघ तोडली, केसासारखी तार सातव्या पायाजवळून साठाव्यापर्यंत नेली आणि दोन्ही टोकांना झाळली. बटण दाबलं. टीव्ही क्षणभर थरथरला, निळा झाला, आणि वरच्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं आली. शाळेत असताना यायची तीच.

"सुशल्या," पियुष म्हणाला. "पाहा गा, लागला तुझा बोर्ड."

त्याने वळून पाहिलं. उत्तरा टीव्हीकडे पाहत नव्हती.

"साठ," ती म्हणाली. "तो सात म्हणाला होता."

"जाऊ द्या ना, वहिनी. चालू झाला."

"नाही, भाऊजी. तो साठच म्हणाला असंन. त्याची जीभ वरपर्यंत जातच नव्हती." "मी परत विचारणार होते. पण एकेक शब्द बोलाले त्याले किती त्रास होऊन राहिला होता. पाटी दिली तं ढकलून दे. तुले समजते ना, म्हणे. मग लिहू काहून?"

पियुषने मीटर बंद केला.

"शेवटच्या दिवशी सकाळी मले म्हणाला, पोत. सारखं तेच. पोत, पोत. मी गळ्यातली काळ्या मण्यांची पोत काढून त्याच्या हातात दिली. त्याने धरली नाही. मीच त्याची बोटं मिटवली. आईंनी साऱ्या नातेवाईकायले सांगितलं, जाताना बायकोची पोत मागितली म्हणून. सगळे रडले."

"पोतच म्हटलं असंन, वहिनी."

"दुपारी डॉक्टरांनी चादर बाजूला केली आणि विचारलं, पोट केव्हापासून दुखून राहिलं याचं? आधी काहून नाही सांगितलं?" तिने पलंगाच्या चादरीवरून हात फिरवला. "मी म्हटलं, तो काही बोललाच नाही."

टीव्हीवर पांढरा चौकोन उघडझाप करत होता. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

उत्तराने जीभ खालच्या दातांमागे घट्ट दाबून धरली आणि हळूच म्हणून पाहिलं, पोट.

"पोत," असं ऐकू आलं.

तिने पुन्हा म्हणून पाहिलं.