नागेंद्र सरांचं झिरो

"दोन डिस्कांची जागा नुसती बसून खाणार? जावईच म्हणायच्या की ह्या!" नागेंद्र सर म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच खदाखदा हसले.

उपासना हसली नाही. ती नव्या सर्व्हरपुढं बसली होती आणि काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत होता. बेळगावच्या कॅम्पातल्या त्या खाजगी हॉस्पिटलचे सगळे एक्स-रे, स्कॅन, रिपोर्ट आता या सर्व्हरच्या आठ डिस्कांवर जाणार होते. आठही डिस्का एकत्र कशा बांधायच्या, म्हणजे 'रेड' कितवं करायचं, ते डिस्का सांभाळणाऱ्या कंट्रोलरला एका ओळीत टाइप करून सांगायचं होतं. ओळीत सिक्स घातलं तर दोन डिस्कांएवढी जागा कमी मिळणार, पण दोन डिस्का मेल्या तरी एकाही पेशंटचा रिपोर्ट हरवणार नाही. झिरो घातलं तर सगळीच्या सगळी जागा मिळणार, आणि एक डिस्क मेली की सगळंच जाणार.

"सर, झिरोमध्ये एक जरी गेली तरी..."

"जाती कशी? नव्या करकरीत हायत. उगंच भीती घालू नको. झिरो कर. चेअरमनसायबांना मी पुरी जागा सांगून बसलोय."

नागेंद्र सर आयटीचे प्रमुख. खडेबाजारात कॉम्प्युटर क्लास चालवता चालवता ते चेअरमनांच्या मेव्हणीचे जावई झाले, आणि जावई झाल्यावर प्रमुख. काळ्या पडद्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. जिथं माउस चालत नाही ते काम हमालाचं, असं त्यांचं मत होतं, आणि स्वतःची मतं त्यांना फार आवडत.

हुकूम देऊन ते चहाला गेले. उपासनानं सिक्स टाइप केलं आणि एंटर दाबलं.

जागा कमी दिसली तेव्हा सरांच्या भुवया चढल्या.

"कंपनी खोक्यावर लिहिती तेवढी जागा कधीच मिळत न्हाय, सर."

"चोर हायत लेकाचे," सर म्हणाले. विषय तिथंच मिटला. घरी आक्काला हे सांगताना उपासना इतकी हसली, की तिला जेवता येईना.

पुढं उन्हाळ्यात सर्व्हरचा एसी बंद पडला आणि एक डिस्क मेली. ती बदलून नवीत डेटाची भरणी चालू असतानाच दुसरी गेली. कंट्रोलर किंचाळत राहिला. उपासनानं दुसरीही बदलली. वर ओपीडीत रांग नेहमीसारखी सरकत होती, डॉक्टर नेहमीसारखे स्कॅन उघडत होते. हॉस्पिटलात कुणाला पत्ताही लागला नाही. नागेंद्र सरांना मात्र लागला.

त्यांनी सगळ्या शाखांच्या इंजिनिअरांना बोलावून घेतलं. निपाणीहून भीमरत्न आला, खानापूरहून रवळू आला. शाखांचे नवे सर्व्हर यायचे होते.

"माझं झिरो बघा," सर खुर्चीत रेलून म्हणाले. "एक सोडून दोन डिस्का मेल्या. काय हाललं? केसभर न्हाय! आणि ही आमची उपासना मला भ्या दाखवत होती. शिकल्याली माणसं लई भित्री असत्यात." त्यांनी टेबलावर थाप मारली. "आता समद्या शाखांत झिरो. फायनल."

उपासनाचं हसू आटलं. इतके दिवस ती या माणसाला मनातल्या मनात हसत होती, आणि त्या हसण्यात ती खूश होती. तिनं गुपचूप वाचवलेल्या सर्व्हरवर हा माणूस आता दिमाखात उभा होता. निपाणीत, खानापुरात झिरो होणार. तिथं डिस्क मेली की बाळंतिणींचे, हार्टवाल्यांचे सगळे रिपोर्ट गेले. आणि पोरं हे करणारच, कारण 'बेळगावात चाललं' याच्यापुढं कोण बोलणार?

खरं बोलावं तर नोकरी आजच जाणार. आणि ती गेल्यावरही सर झिरोच करणार, हट्टानं.

"सर," ती म्हणाली, "आपलं इथलं झिरो ह्यांना पडद्यावर दाखवू का? नीट बघून जातील."

"दाखव की!" सर फुलले.

तिनं प्रोजेक्टर लावला. डिस्कांची बांधणी दाखवायचा हुकूम टाइप केला. भिंतीवर काळा पडदा उमटला आणि त्यात पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ. कंट्रोलर मोजायला शून्यापासून सुरुवात करतो, त्यामुळं ओळीच्या सुरुवातीला डिस्कांच्या पहिल्या संचाचा क्रमांक होता, शून्य. त्याच्या शेजारी स्वच्छ लिहिलं होतं, रेड सिक्स.

सरांनी एक शब्द पुढं वाचला असता तर खेळ खलास होता.

ते उठले. भिंतीपाशी गेले. शून्यावर बोट टेकवून वळले.

"हे बघा. झिरो!"

रवळूनं तोंड उघडलं. भीमरत्ननं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. मग त्यानं ती ओळ सावकाश पुन्हा वाचली आणि उपासनाकडं पाहिलं. तिनं पापणी हलवली नाही.

"कळलं का?" सर गरजले.

"कळलं, सर," भीमरत्न म्हणाला. "पडद्यावर हाय, अगदी तस्संच करतो."