तीनशे बारा मीटर साठ

"तयार?" मोजणाऱ्या ताईंनी विचारलं. माऊने बुटांच्या पट्ट्या पुन्हा एकदा ओढून घट्ट केल्या आणि मान हलवली. ताईंनी घड्याळ सुरू केलं.

इस्पितळाच्या पहिल्या मजल्यावरचा पंचवीस मीटरचा कॉरिडॉर. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू. सहा मिनिटांत या शंकूपासून त्या शंकूपर्यंत जमतील तेवढ्या फेऱ्या मारायच्या, पळायचं मात्र नाही. माऊ दहा वर्षांची. मांड्यांचे स्नायू जन्मापासून कमजोर, आणि त्यावरच्या औषधानं वजन चढलेलं. अशा मुलांचं वजन हळूहळू उतरवलं आणि पायांत जोर आणला, तर ती किती लांब चालू शकतात, याचा अभ्यास इथले डॉक्टर करत होते. वर्षाच्या सुरुवातीला माऊ दोनशे चौऱ्याऐंशी मीटर चालली होती. आज शेवटची चाचणी. त्या आकड्यात तीस मीटरची भर पडली, तर पुढच्या टप्प्यात तिला जागा होती. म्हणजे व्यायाम करून घेणारी बाई आणखी वर्षभर घरी येणार. नाहीतर उद्यापासून बंद.

बाबा भिंतीलगतच्या बाकावर बसले होते. पालकांनी चकार शब्द काढायचा नाही, असा नियम होता. पाण्याची बाटली त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, जशी काही तीच पडायच्या बेतात होती.

मोकळीक ताईंनाही नव्हती. कोणत्या मिनिटाला काय म्हणायचं, ते हातातल्या कागदावर छापलेलं होतं. प्रत्येक मुलाला तेवढंच आणि त्याच आवाजात म्हणायचं.

"छान चालतेस. पाच मिनिटं राहिली."

"अशीच चाल. चार मिनिटं राहिली."

चौथ्या मिनिटात माऊचा डावा गुडघा दगा देऊन गेला. तिनं पटकन भिंतीला हात टेकला आणि तशीच उभी राहिली. धाप गळ्यापर्यंत आली होती. बाबा अर्धवट उठले. ताईंनी त्यांच्याकडे न बघताच तळहात दाखवला, तसे खाली बसले.

"मी थांबले तर घड्याळही थांबतं का?" माऊनं विचारलं.

"हवं तर विसावा घे. बरं वाटलं की पुढे चाल," ताई म्हणाल्या. कागदावर तेवढंच होतं.

"म्हणजे नाही थांबत," माऊ स्वतःशीच म्हणाली, आणि तिनं भिंत सोडली.

आता प्रत्येक पावलाला आधी कंबर एका बाजूला झुकायची, मग दुसऱ्या बाजूचा पाय उचलला जायचा. तिची नजर समोरच्या शंकूवरून हलली नाही. "थांब," असं ताईंनी म्हटल्यावर ती जागच्या जागी थांबली, पाऊलभरही पुढे सरकली नाही.

ताईंनी तिच्या टाचेशी चिकटपट्टी लावली, गुडघ्यांवर बसून टेप ताणला. पूर्ण फेऱ्या बारा, आणि वर बारा मीटर साठ सेंटिमीटर.

बाबांची वजाबाकी ताईंच्या आधी झाली. "मॅडम, एक मीटर चाळीस कमी पडतंय."

"हो."

"टेप जरा तिरका होता का?"

ताई पुन्हा खाली बसल्या आणि त्यांनी पुन्हा मोजलं. साठच.

"दोन-तीन पावलांचा तर प्रश्न आहे," बाबा हळू आवाजात म्हणाले. "तीनशे चौदा लिहिलंत तर कुणाचं काय बिघडतंय? वर्षभर पोरीनं किती केलंय, तुम्हीही बघताय."

ताईंचं पेन अजून कागदावर टेकलं नव्हतं. खुर्चीवर पाणी पीत बसलेल्या माऊनं बाटली खाली ठेवली.

"बाबा, ती पावलं मी चाललेच नाही."

"अगं, तुझ्यासाठीच म्हणतोय ना."

"कळतंय मला. पण त्यात खोटे मीटर मिसळलेत, तर माझे तीनशे बारापण खोटे वाटतील. ते खरे आहेत."

ताईंनी आकडा लिहिला, सही केली, कागद पाकिटात घालून पाकीट बंद केलं. मग खुर्ची ओढून त्या माऊसमोर बसल्या.

"आता छापलेलं काही नाही, माझंच बोलते. सुरुवातीला तू पाच वेळा थांबली होतीस. आज एकदा, तेही नऊ सेकंद." त्या जरा पुढे वाकल्या. "अकरा वर्षं मी हे काम करते. पण तू मघाशी भिंत सोडलीस ना, तशी सोडताना मी कुणाला पाहिलं नाही."

माऊ लाजून बुटांकडे बघत राहिली.

"घरी येणारी बाई आता यायची नाही," ताई बाबांकडे वळल्या. "मग तुम्हीच शिकून घ्या. बूट काढा."

बाबा चटईवर आडवे झाले. गुडघा ताठ ठेवून पाय वर, पाच मोजेपर्यंत तसाच धरायचा, मग सावकाश खाली. आठव्या वेळेला त्यांची मांडी थरथरायला लागली. अकराव्या वेळेला पाय धपकन खाली आला.

"हे रोज करतेस तू?" त्यांनी छताकडे बघत विचारलं.

"तीस वेळा," माऊ म्हणाली. "मग दुसरा पाय."

निघताना बाबांनी लिफ्टचं बटण दाबलं. माऊ मात्र तशीच पुढे जिन्याकडे गेली. बावीस पायऱ्या होत्या. तिनं कठडा धरला, उजवा पाय खाली टाकला, डावा त्याच्या शेजारी आणून ठेवला. मग पुढची पायरी. मागे वळून तिनं पाहिलं नाही.

बाबा एक पायरी मागे राहून उतरत होते. दोन्ही हात त्यांनी खिशांत घातले होते, आणि खाली पोचेपर्यंत ते तिथेच ठेवले, मुठी आवळून.